पाखरांची आंघोळ

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला आंघोळीसाठी आई दहा वेळा हाका मारते. पाखरांना कोणी हाक मारत नाही, तरी ती आपणहून आंघोळ करतात. ती का करतात आणि आपण त्यांच्यासाठी पाणी कसं ठेवावं, ते मी या लेखात सांगणार आहे. शाळेत आलेल्या आईबाबांनीही हा लेख वाचावा. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आंघोळ कशासाठी?

आधी एक प्रयोग करा. घरच्या कोंबडीचं गळालेलं एक पीस घ्या. त्याचे धागे बोटानं विस्कटा. मग मुळाकडून टोकाकडे हळूच बोट फिरवा. धागे परत जुळतात. त्या धाग्यांना डोळ्यांना न दिसणारे बारीक आकडे असतात. दप्तराची चेन लागते तसे ते एकमेकांत अडकतात. पिसांत धूळ बसली की आकडे नीट अडकत नाहीत. मग उडायला त्रास होतो, आणि थंडीत ऊबही राहत नाही. म्हणून पाखरू आधी पाण्यात धूळ धुतं आणि मग चोचीनं एकेक पीस विंचरतं. त्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक लहान गाठ असते. त्यातलं तेल चोचीला लावून ते पिसांना चोळतं. आपण न्हाल्यावर डोक्याला तेल लावतो तसंच!

दुसरं कारण ऊन. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपल्याला घाम येतो, पण पाखरांना घाम येतच नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकतात. ओल्या पिसांतलं पाणी सुकलं की त्यांचं अंग गार होतं. माठातलं पाणी गार होतं, त्याचं कारणही हेच आहे.

चिमणी पाण्यासारखी धुळीतही आंघोळ करते. धुळीनं तिच्या पिसांतलं जास्तीचं तेल निघतं. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो, असं माझी आजी म्हणते.

पिंजऱ्यातल्या फिंचची आंघोळ

वैनगंगेपलीकडे चंद्रपूरला माझी मावशी राहते. तिच्याकडे पिंजऱ्यात चार झेब्रा फिंच आहेत. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले. चिमणीपेक्षाही लहान असतात. नराची चोच लालभडक आणि गाल नारिंगी असतात. ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत, म्हणून ते पाळता येतात. सुट्टीत त्यांच्या आंघोळीचं काम माझ्याकडे होतं. मावशीनं मला हे नियम शिकवले :

१) पिण्याची वाटी वेगळी आणि आंघोळीची बशी वेगळी.
२) बशी पसरट आणि जड पाहिजे. पाणी करंगळीच्या एका पेराएवढंच घालावं. खोल पाण्यात लहान पाखरू बुडू शकतं.
३) बशीचा तळ गुळगुळीत असेल तर त्यात एक खरबरीत चपटा दगड ठेवावा, म्हणजे पाय घसरत नाही.
४) साधं स्वच्छ पाणी घ्यावं. साबण, तेल, हळद काही घालू नये. गरम पाणीही नको.
५) आंघोळ सकाळी असावी, म्हणजे रात्र होण्याच्या आत पिसं पूर्ण वाळतात.
६) पाखरू बसतं त्या काडीखाली बशी ठेवू नये. वरून विष्ठा पडते.
७) ओल्या पाखराला कूलरच्या वाऱ्यात ठेवू नये.
८) धरून पाण्यात बुडवू नये, अंगावर पाणी ओतू नये. त्याला वाटलं की ते आपणच उतरतं.
९) तासाभरानं बशी काढून धुवावी, नाहीतर ते तेच घाण पाणी पितं.

फिंच आधी बशीच्या काठावर बसतो, चोच बुडवून पाहतो, मग आत उतरतो आणि पंख फडफड करून सगळीकडे पाणी उडवतो. पिंजऱ्याखाली जुनी गोणी टाकावी लागते!

मुनिया पकडायची का?

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा काही पोरं म्हणाली, आपल्या धानाच्या बांदीत किती मुनिया येतात, आपणही पकडून पाळू. मुनिया ही फिंचच्याच कुळातली आहे, हे खरं आहे. पण गुरुजींनी सांगितलं की, आपल्या रानातले पक्षी पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पूर्वी लाल मुनिया पकडून परदेशात पाठवत. तिचं शास्त्रीय नाव अमंडावा आहे. ते अहमदाबाद या गावाच्या नावावरून पडलं, कारण तिथून हे पक्षी परदेशी जात.

मग वर्गात ठरलं की मुनियेला पिंजऱ्यात आणायचं नाही, तिच्यासाठी पाणी बाहेर ठेवायचं. आम्ही शाळेच्या कडुनिंबाखाली मातीचे दोन परळ ठेवले आहेत. एक पिण्याचा, एक आंघोळीचा. परळाजवळ झुडूप नको, कारण तिथे मांजर दबा धरून बसते आणि ओल्या पाखराला पटकन उडता येत नाही. पण वर एखादी फांदी पाहिजे, पिसं वाळवायला. परळ रोज घासून धुवावा आणि पाणी बदलावं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ दिवस लागतात. आपल्या भागात हिवताप जास्त, म्हणून पाणी रोज बदललंच पाहिजे.

आमच्या वहीत आतापर्यंत चिमणी, बुलबुल, साळुंकी, सातभाई, होला आणि कोतवाल यांची नावं आली आहेत. सातभाई टोळीनं येतात आणि भांडून आंघोळ करतात. कोतवाल परळात बसत नाही. तो बोडीवर उडता उडता पाण्यात बुडी मारतो आणि लगेच वर जातो. मुनिया अजून आली नाही. आम्ही वाट पाहतो.

आईबाबांसाठी

आपल्या गावात एका घरी पिंजऱ्यात मिठू आहे. कोणाच्या घरी ते मी लिहीत नाही. ते लोक त्याला जीव लावतात, पेरू देतात, मिरची देतात. पण पिंजऱ्यात एकच लहान वाटी आहे. उन्हात तो त्या वाटीत डोकं बुडवून पाठीवर पाणी उडवायला पाहतो. पंख पसरायला त्याला जागाच नाही. वाटी सांडते आणि मग प्यायलाही पाणी उरत नाही. मी हे तीन वेळा पाहिलं.

मिठू हासुद्धा आपल्या रानातला पक्षी आहे. त्यालाही तोच कायदा लागतो. ज्यांच्या घरी असा मिठू असेल त्यांनी त्याला एकदम सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला दाणा शोधता येत नाही, मांजराची भीतीही कळत नाही. वनरक्षकांना विचारावं, ते पुढची वाट सांगतील. तोवर त्याला सावलीत ठेवावं आणि रोज सकाळी पसरट बशीत पाणी द्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक. मे महिन्यात शाळा बंद असते. आपल्या विदर्भात ती जूनच्या शेवटी उघडते. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त तेव्हाच शाळेतले परळ कोरडे पडतील. म्हणून या लेखाच्या बाजूला एक तक्ता लावला आहे. त्यात सुट्टीतले सगळे दिवस लिहिले आहेत. ज्याला जो दिवस जमेल त्या रकान्यात त्यानं नाव लिहावं. आईबाबांचं नावही चालेल. पहिल्या आठवड्यात माझं नाव आहे.

– इयत्ता ४ थी