ओठ सैल सोडा!

लेकाच्या दहावीच्या वर्षी त्याचा बासरीचा क्लास सुटला आणि बासरी माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना ती माझ्या हाती लागली. पुसली, सहज ओठांना लावून फुंकली. नुसती हवा! सासूबाई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, ''अगं, चूल पेटवायची नाहीये तुला!'' घरात हशा पिकला. मीही हसले, पण मनात आलं, आपल्या आज्यांनी फुंकणीनं जन्मभर चूल फुंकली. त्यांचा दम कधी कुणी मोजला?

अंबरनाथला एक सर बासरी शिकवतात असं कळलं. बचत गटाच्या कामासाठी मी आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला जातेच. बदलापूरला परतताना अंबरनाथ वाटेतच. म्हटलं, उतरून तर बघू.

क्लासमध्ये सगळी पोरं माझ्या लेकाच्या वयाची. सरांनी पहिल्या दिवशी बासरी दिलीच नाही, आरसा दिला. ''ताई, ओठ बघा तुमचे.'' बघते तर काय, ओठ घट्ट आवळलेले आणि कपाळाला आठ्या. ''इतके आवळलेत तर सूर निघणार कुठून? सैल सोडा.''

काय सांगू मैत्रिणींनो, ओठ सैल सोडणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं! बावीस वर्षांच्या संसारात किती वेळा शब्द ओठांवर आला आणि तिथंच दाबला. 'जाऊ दे, कशाला वाद' म्हणत मिटून घेतलेलं ते तोंड आरशात समोर दिसत होतं.

बासरीला सनईसारखी पत्ती नसते. सूर घडवायचा तो ओठांनीच. खालचा ओठ फुंकेच्या छिद्रावर अलगद टेकवायचा, छिद्राचा पाव ते एकतृतीयांश भाग झाकेल इतकाच. ओठांचे कोपरे किंचित ताणायचे, पण मधला भाग मऊ ठेवायचा आणि तिथं तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची. त्या फटीतली हवा छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटून दुभंगली, की बासरीतली हवा थरथरते आणि बासरी बोलते. सगळी हवा आत गेली किंवा वरून निसटली, तर नुसतं फुस्स!

पहिले आठ दिवस मी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकत होते. मग बासरीची सगळी छिद्रं मोकळी ठेवून एकच लांब स्वर. तो स्थिर झाल्यावर वरच्या तीन छिद्रांवर बोटं ठेवून 'सा'. सहाही छिद्रं बंद करून खालचा पंचम लागायला मात्र तीन महिने गेले. मी जोर लावायची आणि सूर फाटायचा. सर म्हणायचे, ''खालच्या सुराला जोर नको, आरशावर वाफ धरतो तशी संथ हवा सोडा. वरच्या सुराला फट बारीक करा, हवेचा वेग आपोआप वाढेल.'' कधी दोष ओठांचा नसतोच. बोटाखालून जराशी हवा निसटली तरी सूर बिघडतो, म्हणून आधी बोटं तपासायची. आणि हो, सुरुवातीला सारखं फुंकून डोकं हलकं होतं, चक्कर येते. लगेच थांबायचं. दहा मिनिटं वाजवून विसावा घेतलेला बरा.

''बासरी काय बाईमाणसाचं वाद्य आहे?'' एका शेजारणीनं विचारलंच. मग मी शोध घेतला. गवळ्यांच्या हातातल्या या वेळूला शास्त्रीय मैफिलीत मानाची जागा मिळवून दिली ती पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी, लांब, मोठी बासरी घडवून. पं. हरिप्रसाद चौरसिया चांगले नावारूपाला आल्यावर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून उजवीकडे धरायची बासरी त्यांनी डावीकडे धरली. म्हणजे बोटांचीच नव्हे, ओठांची बसलेली घडीही मोडली! आणि हे ज्यांच्यासाठी केलं त्या गुरू एक स्त्री, वाजवणार सूरबहार. पुढे देबोप्रिया आणि सुचिस्मिता चटर्जी या बहिणी हरिप्रसादजींकडेच शिकून जोडीनं मैफली करू लागल्या. दक्षिणेत तर सिक्किल कुंजुमणी आणि नीला या भगिनींनी कितीतरी आधी बासरी गाजवली होती.

हे शेजारणीला सांगितलं. घरी मात्र वेगळंच सांगायचं होतं, आणि त्याला बासरीपेक्षा जास्त दम लागला. एका संध्याकाळी म्हटलं, ''साडेसहा ते सात मी रियाज करणार. त्या वेळी चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा.'' क्षणभर शांतता. ह्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि गॅसपाशी गेले. पहिल्या दिवशी चहा उतू गेला, पण आता छान जमतो.

मला अजून एक भूपही धड वाजवता येत नाही. मैफलीत बसायचं वयही नाही माझं. पण परवा रियाजात सूर फाटला, तशा आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, ''आज ओठ आवळलेस वाटतं. काय झालं गं?''

झालं होतं काहीतरी. बासरी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग दोघी कितीतरी वेळ बोलत होतो.