शस्त्र कीं सत्याग्रह? : गोमंतकाचा दाखला

पारतंत्र्यांतून सुटण्याचा खरा मार्ग कोणता, शस्त्राचा कीं शांततेचा, हा प्रश्न निघाला म्हणजे वाद बहुधा विचारानें होत नाहीं, स्वभावानें होतो. उतावळ्या प्रकृतीचा मनुष्य क्रांतिकारकांचीं नांवें घेतो, सौम्य प्रकृतीचा मनुष्य मिठाच्या सत्याग्रहाचा दाखला देतो, आणि दोघेहि आपापलें मत जसेंच्या तसें बरोबर घेऊन उठतात. वस्तुतः हा स्वभावाचा प्रश्न नव्हे. सेनापति बापट ह्यांनीं तरुणपणीं पॅरिसला जाऊन बाँबची विद्या मिळविली आणि १९०८ सालीं ती घेऊन ते स्वदेशीं परतले. त्याच बापटांनीं १९२१ पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह चालविला. तो फसत आला असें दिसतांच १९२४ सालीं त्यांनीं पुन्हां शस्त्र हातीं घेऊन रेल्वेमार्ग अडविला व त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. आणि १९५५ च्या मे महिन्यांत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, हाच पुरुष रिकाम्या हातानें गोव्याच्या सरहद्दीवर जाऊन उभा राहिला. एका माणसानें दोन्ही मार्ग इतक्या निष्ठेनें चोखाळावेत, ह्यावरूनच हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं हें ध्यानांत येईल.

अशा प्रश्नांत शंभर उदाहरणें वरवर चाळण्यापेक्षां एकच उदाहरण मुळापासून पाहणें हितावह असतें. त्या दृष्टीनें गोमंतकासारखा दुसरा दाखला नाहीं. १५१० सालीं अल्बुकर्कनें घेतलेला हा प्रदेश १९६१ सालीं, म्हणजे चारशें एक्कावन्न वर्षांनीं मुक्त झाला. त्यांतील अखेरच्या पंधरा वर्षांत सभा, सत्याग्रह, सशस्त्र हल्ले, गुप्त नभोवाणी, आर्थिक नाकेबंदी आणि शेवटीं सैन्य, असे सर्व उपाय एकामागून एक योजिले गेले. एकाच रोग्यावर सगळीं औषधें देऊन पाहिलीं तर कोणत्या औषधाचा गुण कोठें येतो व कोठें येत नाहीं, हें कळण्याची संधि क्वचितच मिळते.

प्रथम सत्याग्रहाची कृति काय आहे हें पाहिलें पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सत्याग्रही स्वतः क्लेश सोसतो आणि ते पाहून राज्यकर्त्याचें हृदय द्रवतें. हें अर्धेंच सत्य आहे. राज्यसत्ता ही पालखीसारखी असते. आंत बसणारा एक असतो, ती वाहणारे भोई अनेक असतात. भोयांनीं खांदा काढून घेतला कीं आंतल्याचें हृदय कठोर आहे कीं कोमल, हा प्रश्नच उरत नाहीं. त्याला पायउतार व्हावें लागतें. सत्याग्रहाचें खरें बळ ह्या खांदा काढून घेण्यांत आहे. ब्रिटिशांची पालखी हिंदी माणसांच्याच खांद्यावर होती. सारा भरणारा शेतकरी, तो गोळा करणारा तलाठी, कचेरींतला कारकून, चौकीवरचा शिपाई, हे सारे येथलेच होते. म्हणूनच १९३० सालचा कायदेभंग आणि बहिष्कार हे सरकारला झोंबले. त्यांत आणखी एक गोष्ट होती. पालखींत बसलेल्याला घरीं जाब विचारणारेहि कोणी होते. २१ मे १९३० रोजीं धारासण्याच्या मिठागरापुढें सत्याग्रह्यांचीं डोकीं फुटलीं, आणि वेब मिलर ह्या अमेरिकन बातमीदाराचा वृत्तांत जगभरच्या वर्तमानपत्रांत छापला गेला. इंग्लंडांत पार्लमेंट होतें, विरोधी पक्ष होता, मतदार होता. त्या वृत्तांताची तेथें कोणालातरी लाज वाटण्याची सोय होती.

आतां गोव्याकडे वळूं. १८ जून १९४६ रोजीं मडगांवांत डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनीं बंदीहुकूम मोडून सभा घेतली. ते गोव्यांत आले होते ते तुरुंगवासानंतर आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस ह्यांच्या असोळणें येथील घरीं विश्रांतीसाठीं. परंतु साधी सभा भरविण्यालाहि सरकारची परवानगी लागते हें पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. दोघांनाहि अटक झाली. तथापि लोकांचें भय एकदां मोडलें तें मोडलेंच. त्यानंतर गोमंतकीय पुढाऱ्यांनीं एकामागून एक कायदा मोडला आणि सरकारनें त्यांना उचलून थेट पोर्तुगालच्या किल्ल्यांत नेऊन ठेवलें. वृद्धत्वाकडे झुकलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य हे त्यांपैकींच एक. ब्रिटिशांच्या तुरुंगांतील कैद्याची खबर निदान गांवाला लागे. समुद्रापलीकडे नेलेल्या कैद्याचें गाऱ्हाणें ऐकणार कोण?

ह्याचें मूळ लिस्बनमध्यें होतें. तेथें १९३२ पासून सालाझार ह्यांची सत्ता होती. निवडणुका नांवापुरत्या, वर्तमानपत्रांवर परीक्षकाची कात्री, आणि विरोधकांच्या मागें गुप्त पोलीस. जो घरच्यांनाच बोलूं देत नाहीं, त्याला परक्यांच्या दुःखाबद्दल घरांत कोण विचारणार? त्यांत १९५१ सालीं पोर्तुगालनें घटना बदलून गोव्याला वसाहत न म्हणतां देशाचा सागरापलीकडील प्रांत म्हणण्यास प्रारंभ केला. वसाहत सोडण्याची वाटाघाट होऊं शकते, स्वतःच्या प्रांताची होऊं शकत नाहीं. अशा रीतीनें बोलणीं करण्याचें दारच बंद झालें.

आणि पालखीचे भोई? तेहि बाहेरचे होते. गोव्यांतील सेना पोर्तुगालहून व आफ्रिकेंतील वसाहतींतून आणलेली. गोमंतकांतील कर्तीं माणसें हजारोंच्या संख्येनें पोटासाठीं मुंबईस राहिलेलीं. त्यांचा संप पणजीच्या सरकारला जाणवण्यासारखा नव्हता. पुढें भारत सरकारनें नाकेबंदी केली तेव्हां तिचा चटका मनिऑर्डरीवर जगणाऱ्या कुटुंबांना आधीं बसला. सरकारला मात्र त्याच वर्षांत लोखंडाच्या खनिजाच्या निर्यातीनें हात दिला. तें खनिज जपानला आणि जर्मनीला जात होतें.

ह्या पार्श्वभूमीवर १९५४-५५ चा सत्याग्रह पाहिला पाहिजे. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं गोमंतकीयांच्या लहान तुकड्या आंत शिरल्या. तेरेखोलच्या किल्ल्यावर कांहीं काळ तिरंगा फडकला. पुढल्या वर्षीं पुण्यांत स्थापन झालेल्या विमोचन सहायक समितीच्या द्वारें भारतीय सत्याग्रही जाऊं लागले. १८ मे १९५५ रोजीं पहिली तुकडी नानासाहेब गोरे आणि सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं निघाली. मार खाऊन परत आलेले शेंकडों. गोरे, मधु लिमये अशांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं तर देशाच्या सर्व भागांतून आलेले हजारों सत्याग्रही एकाच दिवशीं सरहद्द ओलांडून गेले. त्यांच्याजवळ झेंड्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. पोर्तुगीजांनीं गोळ्या घातल्या. वीसाहून अधिक माणसें मेलीं, पुष्कळ जायबंदी झालीं.

लिस्बनवर परिणाम काय झाला? पालथ्या घड्यावर पाणी. उलट, हे लोक बाहेरून घुसलेले आहेत, गोमंतकीय नव्हेत, असें जगाला सांगण्याची सालाझार ह्यांना सोय झाली. भारत सरकारनें थोड्याच दिवसांत सामुदायिक सत्याग्रहास बंदी केली. भोयांनीं खांदा काढून घेणें निराळें आणि दुसऱ्या गांवच्या माणसांनीं पालखीपुढें आडवें पडणें निराळें. पहिल्यानें पालखी थांबते. दुसऱ्यानें ती थांबेलच असें नाहीं, वाहणाऱ्यांना तुडवून जाण्याचा हुकूम असेल तर ती तुडवून जाते.

मग शस्त्र घेणाऱ्यांना अधिक यश आलें काय? आझाद गोमंतक दल १९४७ सालीं उभें राहिलें. चौक्यांवर छापे, शस्त्रें पळविणें, पूल उडविणें, असे त्यांचे उद्योग चालत. त्यांत सामील झालेले मोहन रानडे हे सांगलीकडचे. गोव्यांत ते मराठीचे शिक्षक म्हणून गेले होते. १९५५ च्या ऑक्टोबरांत बेतीच्या चौकीवरील हल्ल्यांत ते जखमी होऊन पकडले गेले व त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तेव्हां ते पोर्तुगालच्या तुरुंगांत होते, आणि त्यांची सुटका झाली ती १९६९ सालीं. ज्या भूमीसाठीं कैद पत्करली ती स्वतंत्र होऊन सात वर्षें लोटलीं, तरी हा शिक्षक कोठडींतच होता! त्यांचें धैर्य वादातीत आहे. परंतु छाप्यांनींहि पणजीचें सरकार हललें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मूठभर शूरांना नियमित सेनेशीं झुंजतां येतें, तिला घालवितां येत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र लहान सशस्त्र तुकड्यांना यश आलें. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. तेथें शत्रु दुबळा होता असें नव्हे, तर तो तुटलेला होता. चोहोंकडून भारताची भूमि, समुद्र दूर, आणि भारतानें पोर्तुगीज सेनेला वाट देण्याचें नाकारलें. पोर्तुगाल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेलें. १९६० सालच्या निकालांत न्यायालयानें सेना व शस्त्रें नेण्याचा पोर्तुगालचा हक्क मानला नाहीं. म्हणजे तेथें नवे भोई पोंचूंच शकले नाहींत. यश आलें तें केवळ बंदुकीमुळें नव्हे.

ह्याच काळांत आणखी एक शस्त्र चालू होतें, तें आवाजाचें. १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे सरहद्दीलगतच्या आंबोली आणि पुढें कॅसलरॉकच्या रानांतून गुप्त नभोवाणी चालवीत. कोंकणींतून आणि पोर्तुगीजांतून रोज बातम्या जात. परीक्षकानें कापलेलें सत्य गोव्याच्या घराघरांत पोंचे. हा क्रम सहा वर्षें अखंड चालला. सत्तेला खांदा देणाऱ्याच्या मनांत आधीं शंका उत्पन्न व्हावी लागते, हें त्या दोघांनीं ओळखलें होतें.

अखेर १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सेना आंत शिरली आणि १९ ला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व ह्यांनीं शरणपत्र दिलें. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक पडले. लिस्बनचा हुकूम मरेपर्यंत लढण्याचा होता. तो पाळला असता तर पणजीची व मडगांवची राखरांगोळी होती. त्या सेनापतीनें तो पाळला नाहीं. सालाझार ह्यांनीं त्याला सेनेंतून काढून टाकलें. परंतु हजारों गोमंतकीयांचे प्राण वांचले ते त्याच्या ह्या आज्ञाभंगामुळें.

तेव्हां निर्णय शस्त्राच्या बाजूचाच झाला ना, असें कोणी विचारील. वरवर पाहतां तसें दिसतें. मग १९५५ चे ते वीस-बावीस जीव व्यर्थ गेले काय? ज्या घरांतील माणूस परत आला नाहीं, त्या घराला ह्या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे. प्रामाणिक उत्तर असें कीं, त्यांनीं सालाझार ह्यांना नमविलें नाहीं, आणि तसें सांगणें म्हणजे त्यांची खोटी स्तुति होय. त्यांनीं केलें तें निराळें. गोवा हा दोन सरकारांमधील जमिनीचा तंटा नसून माणसांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, हें त्यांच्या मरणानें ठरलें. १९६१ सालीं सैन्य शिरलें तेव्हां जगांतील नवस्वतंत्र राष्ट्रांनीं त्याला आक्रमण म्हटलें नाहीं, ह्याचें एक कारण ह्या मागील चौदा-पंधरा वर्षांच्या हिशेबांत आहे. सैन्यानें दार उघडलें. पण तें दार कोणाच्या घराचें आहे हें सत्याग्रह्यांनीं आधीं सिद्ध केलें होतें.

गोव्यावरून साऱ्या जगाचा नियम बांधूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन ह्या दोन विदुषींनीं १९०० ते २००६ ह्या काळांतील ३२३ चळवळी तपासून २०११ सालीं आपला निष्कर्ष मांडला. निःशस्त्र चळवळींपैकीं निम्म्याहून अधिक यशस्वी झाल्या. सशस्त्रांपैकीं सुमारे चौथा हिस्सा. कारणहि त्यांनीं दिलें आहे. निःशस्त्र चळवळींत बायका, म्हातारे, कारकून, दुकानदार, सर्वांना भाग घेतां येतो. म्हणजेच पुष्कळ खांदे एकाच वेळीं निघतात. गोव्यांत निघाले नाहींत ते लोक भित्रे होते म्हणून नव्हे, तर पालखी त्यांच्या खांद्यावर नव्हतीच म्हणून.

ह्या कथेचा शेवट पोर्तुगालांतच झाला. १९६१ पासून आफ्रिकेंतील वसाहतींत सुरू झालेलीं युद्धें तेरा वर्षें चाललीं. दोहों बाजूंचीं असंख्य माणसें मेलीं, आणि अखेर तीं लढून थकलेल्या पोर्तुगीज सैनिकांनींच २५ एप्रिल १९७४ रोजीं लिस्बनमधील हुकूमशाही उलथून टाकली. लोकांनीं त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडीं फुलें खोंवलीं. रक्त अगदीं थोडें सांडलें. नव्या सरकारनें त्याच वर्षअखेर गोव्यावरील भारताचें स्वामित्व मान्य केलें. वीस वर्षांपूर्वीं सत्याग्रह्यांच्या मरणानें जें घडलें नाहीं आणि छाप्यांनीं जें घडलें नाहीं, तें पालखीच्या भोयांनीं ती खालीं ठेवतांच एका दिवसांत घडलें.