अलिप्तता म्हणजे सोडून देणे नव्हे

अलिप्तता (व्यसनी जोडीदाराच्या पिण्याची जबाबदारी स्वतःवर न घेणे) म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे, असा समज आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला की पाणी कोणी अडवत बसत नाही; मुले आणि धान्य उंचावर हलवतात. अलिप्तताही तशीच: त्याची उधारी न फेडणे, त्याच्यासाठी खोटे न बोलणे, स्वतःची झोप, जेवण, कमाई सांभाळणे. मारहाण होत असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. आधी सुरक्षित जागा गाठावी लागते.

गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, तरी दारू घरात पोचते आणि दोष बहुधा बायकोच्या माथी येतो. व्यसन हा आजार आहे. तो तिच्या बोलण्याने जडत नाही, तिच्या उपासाने जातही नाही. जिल्ह्यात २०१६पासून मुक्तिपथ हे व्यसनमुक्ती अभियान उपचार शिबिरे भरवते. नवरा तिथे गेला नाही, तरी पत्नीला स्वतःसाठी सल्ला घेता येतो.