पिंपळे सौदागर : शंभर वर्षांपूर्वी मोजलेलं गाव

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचं नाव काढलं की आज उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. आम्ही मात्र हे नाव शिकताना शेतीच्या पुस्तकात वाचलेलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पवनाकाठच्या या गावाची पाहणी केली आणि 1917 साली ती छापली.

जुने कागद चाळून मानसाहेबांनी हिशेब मांडला. 1771 मध्ये एका खातेदाराकडं सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 मध्ये साडेसतरा एकर राहिली आणि 1915 च्या सुमारास अवघी 7 एकर. जमीन काही नदीत वाहून गेली नव्हती, खाणारी तोंडं वाढली आणि वाटण्या होत गेल्या. 156 खातेदारांच्या जमिनीचे 463 तुकडे एकराच्या आतले होते. त्यातले 112 तर 10 गुंठ्यांच्याही आतले!

वाटणी करताना 'हे रान तू घे, ते मी घेतो' असं सहसा होत नाही. काळी असो की मुरमाड, प्रत्येक नंबरात प्रत्येक भावाचा वाटा पाहिजे. न्याय होतो, पण औत वळवायला जागा उरत नाही.

साहेबांनी 103 कुटुंबांचा जमाखर्चही तपासला. गावानंच ठरवलेल्या साध्या राहणीचा खर्च नुसत्या शेतीवर भागवणारी घरं निघाली 8. बाहेरची कमाई धरून 28 घरांचं भागत होतं. राहिलेली 67 तोट्यात. खडकी जवळ असून ही गत, मग आडवळणाच्या गावांचं काय असेल?

1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला. तरी घरातल्या वाटण्या जुन्याच रीतीनं चालू राहिल्या. ठिबकचे प्रस्ताव करताना मी नेहमी बघतो : एका विहिरीवर चौघांची नावं आणि सह्या तिघांच्याच.

कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज देण्याआधी भावाभावांनी एकदा बसा. सलग पट्टा कुणाला देता येतो, कमीजास्तीचे पैसे कसे फेडायचे, हे बघा. वाट कुठून जाणार, पाण्याची पाळी कुणाची, तेही लिहून काढा. आमच्या घरी हे राहून गेलं. गेल्या साली धाकट्या चुलत्यांचा ट्रॅक्टर न्यायला आमच्या पोटरीतल्या ज्वारीतून वाट द्यावी लागली.