चाकांवरचे बिऱ्हाड : आपल्या घराला मानवेल का?

गाडीतच झोपायचे, गाडीलगतच चूल मांडायची आणि आवडेल तिथे मुक्काम ठोकायचा, हे वेड आता आपल्या जिल्ह्यातही आले आहे. कोणी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून तिथे फळ्यांचे पलंग बसवून घेतो, तर कोणी पिकअपच्या हौद्यावर खोलीच चढवतो. मोठ्या शहरांत अशा तयार गाड्या भाड्यानेही मिळतात. कॅम्पर व्हॅन म्हणा की कॅरॅव्हॅन म्हणा, राज्य सरकारने २०२१ साली तिच्यासाठी पर्यटन धोरणही आणले. कोणती गाडी घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या घरातल्या माणसांना आणि मुक्या जिवांना हा प्रवास मानवेल का, हे विचारायला मात्र लोक निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येतात. तोवर पैसे भरून झालेले असतात आणि डॉक्टरांनी फक्त 'हो' म्हणावे एवढीच अपेक्षा असते.

तसे पाहिले तर चाकांवर बिऱ्हाड घालणे आपल्याला नवे नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला मागच्या पिढीतली माणसे बैलगाडीने सहकुटुंब जात. पीठ-मीठ, घोंगड्या, पाण्याची कळशी असे सगळे गाडीत असे. रात्री बैल चाकाला बांधलेले, कुत्रे गाडीखाली आणि मंडळी तापीकाठी उघड्यावर झोपलेली. ती गाडी चहूबाजूंनी उघडी होती, सावकाश चालायची आणि आजीने 'थांब रे' म्हटले की जागच्या जागी थांबायची. आजच्या गाडीत गाद्या आहेत, पंखे आहेत, पण हे गुण तिच्यात नाहीत. पुढे जे त्रास मी सांगणार आहे, ते बहुतेक यातूनच निघतात.

दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबे लेकरे, शेळ्या, कोंबड्या असा सारा संसार ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला जातात. त्यांना तो प्रवास मानवतो का, असे कोणी विचारत नाही. त्यांच्या मुलांच्या राहून जाणाऱ्या लसी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आज मी हौसेने निघणाऱ्यांविषयी लिहितो आहे. 'नको, घरीच बरे' असे म्हणण्याची मोकळीक त्यांना आहे.

निर्णय कसा करावा? माझा ठोकताळा साधा आहे. घरात जो आपला त्रास बोलून दाखवणार नाही, त्याच्यावरून ठरवावे. तरुण नवरा-बायकोला काहीही चालते. म्हातारी आई भिडेपोटी बोलत नाही, लहान मुलाला सांगता येत नाही आणि कुत्र्याला तोंड असून भाषा नाही.

आईपासून सुरुवात करू. प्रवास म्हटला की आपल्याकडच्या स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. मुलगा म्हणतो, गाडीत संडासाची सोय आहे ना! पण प्लायवूडच्या आडोशाला, सुनेच्या आणि जावयाच्या कानापाशी बसायला तिचे मन घेत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर तीही ती गुपचूप पुड्यातच ठेवते. दोन दिवस निभावते. मग लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, पोट साफ नाही. ज्यांचे हृदय आधीच कमजोर आहे, त्यांच्या पायांवर गोळी बंद झाल्याने सूज येते आणि रात्री आडवे झाले की दम लागतो. घरचे म्हणतात, हवा बदलली. खरे कारण न घेतलेली गोळी आणि न प्यालेले पाणी हे असते. म्हणून आईला चारचौघांत विचारू नका, एकटीला विचारा. सुनेने विचारले तर उत्तम. 'रस्त्यात दर दोन तासांनी थांबलो, दाराला कडी असलेली जागा मिळाली, तर पाणी प्याल का?' तिचे उत्तर डळमळीत आले तर पंधरा दिवसांचा बेत तिच्यासाठी नाही. लघवी पिवळीजर्द होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, ही खूण घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी.

वडिलांचे दुखणे उलट असते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला वारंवार उतरावे लागते, मुलगा कंटाळतो, मग ते धरून ठेवतात. अशाने लघवी पूर्ण अडकली तर आडरानात ज्या वेदना होतात, त्या पाहणाऱ्यालाही सहन होत नाहीत. ज्यांना रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते, त्यांनी आधी त्याचा इलाज करावा, मग गाडीत बसावे.

मधुमेहींचे थोडक्यात सांगतो. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर राहिले तर उन्हाने निकामी होते आणि बर्फाला चिकटून गोठले तरीही निकामी होते. थंड पाण्याने खंगाळलेला रुंद तोंडाचा थर्मास आपल्या लोकांना पुरतो. दर्शनाच्या रांगेत जेवण लांबते आणि साखर उतरते, म्हणून खिशात ग्लुकोज किंवा साखर हवी. मुलांना गाडी लागत असेल तर पुढे बसवून लांब बघायला लावावे, पोट अर्धे ठेवावे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून द्यावी आणि चालवणाऱ्याने ती अजिबात घेऊ नये, झोप येते. आणखी एक. चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपू नये. चांदसैलीच्या घाटात एक जोराचा ब्रेक लागला की पलंगावरचे मूल समोरच्या लोखंडावर जाते. चालताना सगळे पट्ट्यात, कुत्रासुद्धा.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न, सिकलसेल. ज्या मुलाला हा आजार आहे (नुसता वाहक नव्हे), त्याच्या तांबड्या पेशी पाणी कमी पडल्यावर, थंडी वाजल्यावर, दमल्यावर किंवा ताप आल्यावर कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडणारे दुखणे उठते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे. डिसेंबरात तिथल्या रात्री पत्र्याची गाडी आतून बर्फासारखी पडते. मुलाने दिवसभर यशवंत तलावाभोवती धावायचे, पाणी विसरायचे आणि रात्री गाडीत काकडायचे, म्हणजे दुखणे उठण्याची सगळी तयारी झाली. अशा मुलाला घरात कोंडा, असे माझे म्हणणे नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवू नये, भरपूर पाणी द्यावे, लोकरीचे कपडे घालावेत, तपासणीचे कार्ड जवळ ठेवावे आणि मुक्कामापासून तासाभरात रुग्णालय गाठता येईल असे पाहावे. गेल्या दोन-तीन महिन्यांत दुखण्याने मुलाला दवाखान्यात ठेवावे लागले असेल, तर मात्र यंदाचा बेत रद्द करावा. वाहकांना सहसा अडचण येत नाही. ज्यांनी अजून तपासणी केली नाही त्यांनी करून घ्यावी. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

थंडीचा विषय निघाला म्हणून सर्वांत गंभीर गोष्ट इथेच सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत आढळले. मारामारी नाही, विष नाही. जनरेटरचा धूर गाडीत शिरला होता आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडने त्यांचा जीव घेतला. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो, त्यामुळे छाती हलत असते, श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. गाडीत हा वायू तीन वाटांनी येतो : जनरेटर, चालू ठेवलेले इंजिन आणि आत पेटवलेली शेगडी. आपल्याकडे तिसरी वाट जास्त भीतीची. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घ्यायची आणि काचा लावायच्या, हे आपल्या लोकांना घरगुती शहाणपण वाटते. घराला फटी असतात, कौले असतात. गाडीला नसतात.

ओळखायचे कसे? सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागते, मळमळते, गरगरते. लोकांना वाटते, रस्त्यावरचे खाणे बाधले. लहान मूल आणि कुत्रा यांचा श्वास भराभर चालतो, म्हणून त्यांना आधी लागते. नेहमी उठून शेपूट हलवणारा कुत्रा हाक मारूनही उठत नसेल तर कारण शोधत बसू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८ ला फोन करा; अशा रोग्याला ऑक्सिजन लागतो. स्वयंपाक गाडीबाहेर करावा. झोपताना इंजिन आणि जनरेटर बंद ठेवावे आणि दोन बाजूंच्या खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवाव्यात. या वायूची सूचना देणारे घंटीचे छोटे यंत्र मिळते, तेही बसवावे. ज्यांना रात्रभर एसी लावल्याशिवाय झोप येत नाही, त्यांनी सरळ लॉजवर उतरावे.

जनावरांविषयी. गाय-म्हैस असलेल्या घराने हा लेख इथे सोडला तरी चालेल, धारेच्या वेळेला कोणी तरी घरी लागतेच. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असते. तिला शेजाऱ्यांकडे सोपवावे. प्रश्न कुत्र्याचा. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. उन्हात बंद ठेवलेली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, म्हणजे 'पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो' म्हणणाऱ्याने हिशोब करावा. केवडियाच्या पुतळ्यापाशी काय, देवळात काय, प्रत्येक वेळी घरातले एक माणूस कुत्र्याजवळ बाहेर थांबणार आहे का, हे आधी ठरवा. थांबणार नसेल तर कुत्रा घरी. बहुतेक अभयारण्यांतही पाळीव कुत्र्याला मज्जाव असतो.

रात्री त्याला गाडीबाहेर बांधून ठेवू नये. तळोदा, शहादा, अक्कलकुवा भागात उसाच्या आडोशाने बिबट्या फिरतो आणि कुत्रे ही त्याची आवडीची शिकार आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय त्याच्या मागे बिबट्या गाडीपाशी येतो, तेव्हा लघवीसाठी उतरलेले माणूसही तिथेच असते. माणसांनी गाडीखाली किंवा बाजूला सतरंजी टाकून झोपण्याचा मोहही टाळावा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याची खूणही सापडत नाही. सापांच्या बाबतीत गाडीतला उंच पलंग हे मात्र खरे सुख आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने मागच्या वर्षी माझे ऐकून रंगीत तालीम केली. पहिली रात्र आपल्याच अंगणात, गाडी उभी करून. दुसरी प्रकाशाला, संगमाजवळ. सकाळी त्यांनी एवढेच पाहिले : आजी किती पाणी प्यायल्या, किती वेळा उठल्या, नातू झोपला का, कुत्र्याने खाल्ले का. अंगणात सगळे छान झाले. प्रकाशाला कुत्र्याने तोंड लावले नाही आणि रात्रभर दार खरवडले. आजी मात्र खूश होत्या, कारण तिथे स्वच्छतागृह जवळ होते. शेवटी कुत्रा मावशीकडे राहिला आणि आजी नर्मदेपर्यंत जाऊन आल्या. मुलाला याच्या उलटे होईल असे वाटले होते.

दिवाळीत निघण्याचा विचार असेल तर कुत्र्याची रेबीजची लस आताच टोचून घ्या. पहिल्यांदाच टोचत असाल तर प्रवासाआधी निदान महिनाभर, म्हणजे ती लागू पडायला वेळ मिळतो. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नेऊच नका. लस झालेला कुत्रा असला तरी वाटेत तो किंवा दुसरा कोणी चावला, ओरखडला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आईबाबांच्या गोळ्या जितके दिवस प्रवास आहे त्याहून आठवडाभराच्या जास्त घ्याव्यात. अक्राणीच्या डोंगरात दरड कोसळली की दोन दिवस गाडी हलत नाही, आणि फोनही लागत नाही.