यांत्रिक नौकेची एंजिनशक्ती

लांब पल्ल्याची नौका अपेक्षित वेगाने चालविण्यासाठी एंजिनाकडून प्रचालकाच्या दंडाला मिळावी लागणारी शक्ती. तिचा अंदाज करताना जलरेषेवरील लांबी, भारासह वजन आणि वेग या तीन गोष्टी मुख्यतः विचारात घेतात.

नौकेला पाण्याचे घर्षण व लाटानिर्मिती यांमुळे विरोध होतो. विल्यम फ्रूड (१८१०–७९) या इंग्रज अभियंत्यांनी प्रतिकृतींवर प्रयोग करून या दोहोंचा वेगवेगळा हिशेब मांडला. वेगाबरोबर नौकेने उठविलेल्या लाटेची लांबी वाढते व ती नौकेच्या लांबीइतकी झाली म्हणजे विरोध झपाट्याने वाढू लागतो. हा मर्यादावेग (नॉट) जलरेषेच्या लांबीच्या (मी.) वर्गमुळाच्या सु. २.४३ पट असतो. त्याखालील वेगांना लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

उदा., १२ मी. लांबीच्या व १२ टन वजनाच्या नौकेचा मर्यादावेग सु. ८.४ नॉट असून त्यासाठी सु. ५२ अश्वशक्ती लागते; ६.३ नॉट वेगाला मात्र सु. २२ पुरते. मुंबई–रत्नागिरी हे अंतर सु. १२० सागरी मैल आहे. दर अश्वशक्तीला ताशी ०.२ लिटर डीझेल धरल्यास हा प्रवास कमी वेगाने १९ तासांत सु. ८४ लिटरमध्ये, तर मर्यादावेगाने सु. १४ तासांत जवळजवळ १५० लिटरमध्ये होतो. त्यामुळे लांब पल्ल्यासाठी कमी वेगच पसंत करतात.

तथापि एंजिन नेमके २२ अश्वशक्तीचे घेणे धोक्याचे ठरते. समोरचा वारा, लाटा व तळावरील शेवाळ-शंख यांनी विरोध वाढतो; किनाऱ्याकडे लोटणाऱ्या वाऱ्यात दुर्बळ एंजिनाची नौका खडकांवर जाऊ शकते. म्हणून सु. ३० ते ३५ अश्वशक्तीचे एंजिन निवडून ते नेहमी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाराने चालवितात. उलट, फार मोठे डीझेल एंजिन सतत हलक्या भाराने चालविल्यास त्यात काजळी साचते. इंधनाचा एक-तृतीयांश साठाही राखीव ठेवतात.

तळोजे–पनवेल परिसरातील खाड्यांसारख्या उथळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात विरोध आणखी वाढतो. ओहोटीचा प्रवाह ३ नॉटचा असल्यास ६.३ नॉटची नौका खाडीत वर येताना किनाऱ्याच्या सापेक्ष जेमतेम ३.३ नॉट वेगाने सरकते. अशा ठिकाणी एंजिनशक्ती वाढविण्यापेक्षा भरतीची वेळ साधणे हितावह असते.