बोडीचे पाणी जड झाले, तर नत्र बाहेर काढा



वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी हा आपला धानाचा पट्टा, आणि धान म्हटले की बोडी आलीच. मालगुजारी 1951 साली संपली, पण त्या काळातले तलाव आणि शेतातल्या बोड्या आजही आपल्या कामी येतात. बोडीने आधी धान वाचवायचे आणि मग मासोळी द्यायची, असा आपला जुना हिशेब. आता पुष्कळ जण विकत आणलेली रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली बोडीत सोडतात, ढेप आणि कोंडा चारतात. म्हणजे बोडीत आता पैसा गुंतलेला असतो.

तो पैसा भादव्यात एका रात्रीत बुडू शकतो. संध्याकाळपर्यंत मासे ठीक असतात आणि सकाळी पोट वर करून तरंगताना दिसतात. कोणी म्हणतो विष टाकले, कोणी म्हणतो नजर लागली. पुष्कळदा खरे कारण पाण्यातच असते. पाण्यात नत्र साचून ते जड झालेले असते.

नत्र येते कुठून?

आपणच टाकतो. शेंगदाण्याच्या ढेपेत शेकडा 7 च्या आसपास नत्र असते, तांदळाच्या कोंड्यात शेकडा 2. दोन्ही अर्धे अर्धे मिसळून 10 किलो खाद्य टाकले, तर त्यातून सुमारे 450 ग्रॅम नत्र बोडीत गेले. एक किलो युरियात साधारण एवढेच नत्र असते. यातला फार तर तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. बाकीचे विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात उतरते. वरून शेण टाकले, पावसात कोठ्याचे पाणी वाहून आले, की त्यात भर पडते.

पाण्यात गेल्यावर त्याचे काय होते?

नत्र पाण्यात तीन रूपे घेते.

पहिले रूप अमोनिया. बंद कोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबतो, तोच हा. माशाला तो फार घातक.

दुसरे रूप नायट्राइट. पाण्यातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. ते माशाच्या रक्तात गेले की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. लाल कल्ले तपकिरी दिसू लागतात.

तिसरे रूप नायट्रेट. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे माशाला लगेच मारत नाही, पण साचत जाते आणि शेवाळाचे खत बनते. त्यामुळे पाणी हिरवेगार होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच प्राणवायू ओढून घेते. दोन-तीन दिवस आभाळ दाटले की शेवाळ मरू लागते, सडते, आणि पहाटे पाण्यात प्राणवायू उरत नाही. मासे मरतात ते बहुधा अशा पहाटे.

थोडे नायट्रेट तळाच्या गाळात हवा होऊन उडून जाते. धानाच्या बांधीत टाकलेल्या खताचे होते, तसेच. पण आपण रोज जेवढे टाकतो, तेवढे आपोआप उडत नाही. उरलेले आपल्यालाच बाहेर काढावे लागते.

पाणी जड झाले हे कसे ओळखावे?

पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात दिसेनासा होत आला, तर पाणी ठीक आहे. मनगट बुडते न बुडते तोच पंजा दिसेनासा झाला, तर पाणी फार हिरवे झाले. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील, तळातून कुजका वास येत असेल, तर वाट पाहू नका.

नत्र कमी करण्याचे उपाय

1. खाद्य मोजून द्या. बोडीतल्या माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा 2 ते 3 एवढे रोज पुरते. 500 मासे सरासरी 200 ग्रॅमचे असतील, तर दिवसाला 2 ते 3 किलो. खाद्य मुठीने फेकू नका. भोके पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दोन तासांनी पोत्यात शिल्लक दिसले, तर दुसऱ्या दिवशी कमी करा. आभाळ दाटलेल्या दिवशी खाद्य बंद.

2. दाटी करू नका. 10 आरच्या, म्हणजे पाव एकराच्या बोडीत 500 च्या आसपास बोटुकली पुरे.

3. शेण थोडे थोडे टाका. पाणी हिरवे दिसले की शेण बंद. गाडीभर शेण एकदम लोटणे सर्वांत वाईट.

4. बोडीचे पाणी धानाला द्या. हा आपल्याकडचा सर्वांत चांगला उपाय. शहरात काही हौशी लोक काचेच्या पेटीत खारे पाणी भरून समुद्रातले प्रवाळ आणि मासे पाळतात. नायट्रेटची डोकेदुखी त्यांनाही असते. ते ठरावीक दिवसांनी पेटीतले थोडे पाणी काढून फेकतात आणि नवे भरतात. आपल्याला फेकायची गरज नाही, बोडीखाली धान उभे आहे. पाणी तळाकडचे काढा, कारण घाण तिथे जास्त असते. मोरीला बारीक जाळी लावा. एका वेळी चौथा हिस्सा काढा, आणि पावसाचे किंवा इटियाडोहच्या कालव्याचे पाणी मिळेल तसे भरून घ्या. नवे पाणी मिळणार नसेल, तर माशांसाठी मीटरभर खोली राखूनच काढा. 10 आर आणि एक मीटर खोल बोडीत सुमारे 1000 घनमीटर पाणी असते. लिटरला 4 मिलिग्रॅम नत्र धरले, तर चौथ्या हिश्शाबरोबर एक किलो नत्र बाहेर जाते. धानाला ते थोडे वाटेल, पण माशांचा जीव त्यावर वाचतो.

5. तरंगत्या वनस्पती वाढवा आणि काढा. टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती बांबूच्या चौकटीत, बोडीच्या एका कोपऱ्यात ठेवा. ती पाण्यातले नत्र खाऊन झपाट्याने वाढते. दर आठवड्याला निम्मी काढून कोंबड्यांना घाला किंवा खताच्या खड्ड्यात टाका. काढली नाही तर तिथेच सडेल आणि खाल्लेले नत्र पुन्हा पाण्यात सोडेल.

6. उन्हाळ्यात गाळ काढा. बोडी आटली की तळाला भेगा पडू द्या आणि गाळ बांधीत पसरा. मग 10 आरला 20 ते 25 किलो चुना टाका.

हे मात्र करू नका

मासे तडफडताना दिसले म्हणून भर पाण्यात चुना टाकू नका. चुन्याने आणि दुपारच्या उन्हाने अमोनिया जास्त जहरी होतो. चुना कोरड्या बोडीत टाकायचा. पाणी आधीच हिरवे असताना युरिया टाकू नका. जलपर्णी तर कधीच आणू नका, ती बोडी झाकून टाकते.

अडचणीच्या पहाटे खाद्य आणि शेण थांबवा, ताजे पाणी सोडा. ते नसेल तर पंप लावून बोडीचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे बोडीत पाडा. पाण्यात हवा मिसळते.

विहिरीकडेही पाहा

हेच नत्र जमिनीत मुरून विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. राज्याच्या अनेक जिल्ह्यांतल्या विहिरींत ते जास्त आढळले आहे. सहा महिन्यांखालच्या, वरचे दूध पिणाऱ्या बाळाला असे पाणी घातक असते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. तसे दिसले तर लगेच दवाखाना गाठा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. बाळाला अंगावरचेच दूध पाजावे. उकिरडा आणि शौचखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर, उताराच्या बाजूला असावा.

लक्षात ठेवा

बोडीत जेवढे टाकाल, तेवढे कधी ना कधी बाहेर काढावे लागते. मासोळीच्या, धानाच्या आणि गाळाच्या रूपाने काढले तर ते आपले उत्पन्न. नाही काढले तर ते माशांचे मरण.

पाण्याच्या तपासणीसाठी स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घेऊन त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्र, सोनापूर (गडचिरोली) येथे विचारणा करा, किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला आणि मत्स्य विभागाच्या कार्यालयाला भेटा.